बांड्याचं गोडं पाणी

मित्रांनो, माझं नाव तुम्ही ऐकलं असेल, पण माझ्याशी कधी नीट बोलला नसाल. मी एक जुना लॅक्टोमीटर आहे. वीतभर उंचीचा, काचेचा, खाली फुगीर पोट आणि वर बारीक मान. पोटात शिशाचे छर्रे आहेत, म्हणून दुधात सोडा नाहीतर पाण्यात, मी ताठ उभाच राहतो. आडवं पडणं माझ्या स्वभावात नाही. मानेच्या आत कागदाची पट्टी आहे आणि तिच्यावर वरून खाली शून्यापासून चाळीसपर्यंत आकडे आहेत. दूध घट्ट असलं की मी वर तरंगतो, पाणी घातलेलं असलं की खाली बुडतो. एवढंच माझं शिक्षण. पण एवढ्या शिक्षणावर मी अर्ध्या सोलापूरच्या गवळ्यांची झोप उडवली होती, हे आता सांगायला हरकत नाही.

अंबाल्याच्या एका कारखान्यात एका कारागिराने ज्योतीवर काचेची नळी धरली, फुंकर मारली आणि माझं पोट फुगवलं. त्याने मला तीनदा पाण्यात सोडून पाहिलं, छर्रे कमीजास्त केले. मी शून्याच्या रेघेवर स्थिर उभा राहिलो तेव्हा तो फक्त "ठीक" म्हणाला. त्या एका शब्दाचा तोरा मी पुढे बरीच वर्षं मिरवला.

कापसात गुंडाळून, लाकडी पेटीत घालून मला सोलापूरला आणलं. सात रस्त्याच्या जवळ एक दूध संकलन केंद्र होतं. तिथे महिपती नावाचा तपासनीस होता. मैंदर्गीच्या बाजूचा, शेतकऱ्याचा मुलगा, हाडं काटक, बोलणं कमी. पहाटे गवळ्यांच्या सायकली आल्या की तो कॅनमधलं दूध ढवळायचा, नळकांड्यात काढायचा आणि मला हळूच आत सोडायचा. मी एकदा खाली, एकदा वर असा डोलून स्थिर झालो की तो खाली वाकून रेघ बघायचा. ओरडणं वगैरे काही नाही. मान वर करून एवढंच विचारायचा, "पानी घातलंस?"

त्या दोन शब्दांनी भल्याभल्यांची तोंडं उतरत. बिरप्पा गवळी मात्र खमका. एकदा अठ्ठाविसाच्या जागी मी पार अठरापर्यंत बुडालो, तर तो म्हणतो कसा, "सायेब, काल उनाचं म्हस लई पानी पिली. आता तिच्या पोटात काय काय मिसळलं, ते मी कुटं बघायला जाऊ?" सगळं केंद्र हसलं. महिपतीही हसला, पण दूध त्याने परतच केलं.

मला त्या दिवसांत फार मोठेपणा वाटायचा. वाटायचं, जगात माणसं दोनच प्रकारची: पाणी घालणारी आणि न घालणारी. आणि ती ओळखायला मी एकटा पुरेसा आहे.

गर्वाचं घर खाली, म्हणतात ना. एका सकाळी घाईघाईत कॅनच्या कडेवर माझी मान आपटली आणि टोकाचा टवका उडाला. महिपतीने लाख वितळवून ते भोक बुजवलं. पण लाखेचं वजन पडलं आणि मी सगळीकडे अर्धा अंश जास्त बुडू लागलो. म्हणजे चांगल्या दुधालाही थोडं पाणचट म्हणू लागलो. केंद्रातल्या मोठ्या साहेबांनी नव्या लॅक्टोमीटरशी ताडून पाहिलं आणि मला मोडीत काढलं. जो खऱ्या-खोट्याचा निवाडा करत होता, तोच अर्धा अंश खोटा ठरला! केराच्या टोपलीत जाणार तेवढ्यात महिपतीने साहेबांना विचारून मला खिशात घातलं आणि घरी आणलं.

घर म्हणजे दोन खोल्या. बाहेरच्या खोलीच्या कोनाड्यात, बटणांच्या डबीशेजारी माझी सोय झाली. दोन वर्षं मी तिथे धूळ खात पडून होतो. महिपतीच्या बायकोने, वच्छलाने, एकदा परकराची नाडी ओवायला मला घेतलं, पण माझं पोट नेफ्यात शिरेना म्हणून परत ठेवून दिलं. मित्रांनो, ज्याच्यापुढे कॅनच्या रांगा लागत त्याच्यावर नाडी ओवायची वेळ यावी, आणि तीही जमू नये, याचं दुःख तुम्हाला कळणार नाही.

त्याच घरात माझ्यासारखंच एक माणूस कोपऱ्यात बसून होतं. महिपतीची आई, बजाबाई. बहात्तरच्या दुष्काळात त्यांच्या गावची विहीर तळाला गेली. जे पाणी उरलं ते इतकं खारट, की माणसाच्या घशाखाली उतरेना. माणसांनी चार कोसांवरून गोडं पाणी डोक्यावर आणलं, पण जनावरांना किती आणणार? बजाबाईंचा एक बैल होता, तांबूस अंगावर पांढरे पट्टे असलेला. त्याचं नाव बांड्या. तो ते खारं पाणी पिऊन हगवणीने खंगला आणि छावणीत पोहोचून आठ दिवसांत गेला. बजाबाई त्याच्या तोंडाला हात लावून बसल्या होत्या, असं महिपती वच्छलाला सांगताना मी ऐकलं आहे.

पाऊस आला, दुष्काळ सरला. बजाबाईंनी रान दिराला कसायला दिलं आणि त्या मुलाकडे आल्या. पण आल्या त्या जशा अर्ध्याच आल्या. सून म्हणायची, "आत्याबाई, एखादी शेळी आनूया की. तुमचा जीव रमंल." त्या मान हलवायच्या. "नगं गं बाई. माज्या हातचं काय जगत न्हाय." तुळशीला पाणीसुद्धा त्या सुनेला घालायला लावत.

आणि पंच्याहत्तर सालच्या मार्चमध्ये आमच्या घरात समुद्र आला.

शेजारच्या चाळीत गोपाळ मास्तर राहत. शाळेत विज्ञान शिकवत. त्यांचा मेहुणा रामेश्वरमच्या बाजूला नोकरीला होता. मास्तर त्याला भेटायला गेले आणि येताना मद्रास मेलमधून समुद्राच्या पाण्याचे कॅन आणि एका कॅनमध्ये एक जिवंत मासा घेऊन आले. बोटाएवढा, केशरी रंगाचा, अंगावर तीन पांढरे पट्टे आणि पट्ट्यांना काळी किनार. मास्तर सांगत होते, "याला विदूषक मासा म्हणतात. उष्ण समुद्रात प्रवाळाच्या खडकांत राहतो. आपल्या पोरांनी समुद्र नकाशात निळा बघितलाय फक्त. जूनमध्ये शाळा उघडली की प्रदर्शनात दाखवणार."

पण त्यांना एक अडचण होती. सोलापूरच्या उन्हाळ्यात माशाच्या काचेच्या पेटीतलं पाणी भराभर आटतं. आटतं ते फक्त पाणी, मीठ मागेच राहतं. म्हणजे पाणी दिवसेंदिवस जास्त खारट होणार आणि मासा मरणार. म्हणून रोज थोडं गोडं पाणी घालायला हवं. पण किती, ते मोजायचं कशाने? मास्तरांना महिपतीची आठवण झाली आणि ते एक कॅन घेऊन आमच्याकडे आले. त्यांनी मला कोनाड्यातून काढलं, सदऱ्याच्या टोकाने पुसलं आणि समुद्राच्या पाण्यात सोडलं.

मी डोललो आणि चोवीसवर उभा राहिलो.

"वा! समुद्र चोवीस!" मास्तर टाळी वाजवून म्हणाले. महिपती ओशाळून म्हणाला, "अर्धा अंश खोटा हाय त्यो, मास्तर." मास्तर हसले. "असू दे की. रोज एकाच रेघेवर थांबला म्हणजे झालं." मित्रांनो, दोन वर्षांनी कुणीतरी मला माझ्या खोटेपणासकट कामावर घेतलं होतं. मला रडता येत असतं तर मी रडलो असतो.

मे महिन्यात मास्तरांना शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी पुण्याला जावं लागलं. पेटी महिपतीच्या हवाली झाली, कारण माझी रेघ वाचायला त्याच्याइतका सराईत डोळा दुसरा कुणाचा नव्हता. चार बादल्या पाणी मावेल अशी काचेची पेटी, तळाला वाळू, बुडबुडे सोडणारा विजेचा छोटा पंप आणि माशाला लपायला फुटक्या मडक्याचं खापर. शिवाय दोन बादल्या समुद्राचं पाणी एका कॅनमध्ये जादा. खाणं म्हणजे मंगळवारच्या बाजारातला सुका जवळा, भिजवून, अगदी चिमूटभर.

पहिले दोन दिवस बजाबाईंनी पेटीकडे पाठ केली. तिसऱ्या दिवशी त्या वळून बसल्या. चौथ्या दिवशी पेटीजवळ सरकल्या. तो मासा त्यांचं बोट दिसलं की खापरातून बाहेर यायचा, काचेला तोंड लावायचा आणि बोट जिकडे जाईल तिकडे जायचा. पाचव्या दिवशी मी त्यांचा आवाज ऐकला.

"का रं बांड्या? भूक लागली व्हय?"

वच्छला भाकरी थापता थापता थांबली. महिपतीने वर पाहिलं.  त्या दिवसापासून भिजवलेला जवळा बजाबाईंच्या हाती दिला जाऊ लागला, आणि त्याही तो कुरकुर न करता घालू लागल्या. "मासाच मासं खातोय, काय काळ आला बया," असं म्हणायच्या आणि पदरात हसायच्या.

आता पुढचं सांगताना माझा जीव अजूनही थोडा खाली जातो.

मेचा तिसरा आठवडा होता. नळाला एक दिवसाआड तासभर पाणी. वच्छला लग्नासाठी माहेरी गेली होती. महिपती पहाटेच केंद्रावर गेलेला. सकाळी नळ आला तेव्हा बजाबाईंनी रांगेत उभं राहून पाणी भरलं आणि दम खायला पेटीजवळ बसल्या. महिपती रोज काय करायचा, ते त्या बघत होत्या: मला सोडायचा, आणि मग तांब्याभर, कधी अर्धाच तांब्या गोडं पाणी घालायचा. त्यांना तो चिक्कूपणा खटकत होता. "पाव्हन्याला तांब्या देत्यात. जनावराला बादली लागती," असं त्या दोनदा पुटपुटल्याही होत्या.

त्या दिवशी पेटीच्या कडेवरून एक थेंब त्यांच्या हातावर उडाला. त्यांनी सहज तो जिभेला लावला.

त्यांचा चेहरा मी पाहिला. कोनाड्यातून मला सगळं दिसत होतं. "अगं आई गं! खारं!" त्या म्हणाल्या. "ह्येला खाऱ्या पान्यात ठेवलंय! आन् मी रोज बघतीया!" त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं. त्या माशाकडे बघत होत्या, पण त्यांना दिसत होता तो दुसराच बांड्या, छावणीतला.

मित्रांनो, मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो. पण माझं बोलणं म्हणजे बुडणं आणि तरंगणं, आणि मी होतो कोनाड्यात.

त्यांनी पदर खोचला. पेटीतलं पाणी तपेलीने काढलं, एक बादली, दोन बादल्या. अर्धी पेटी रिकामी झाली. मग सकाळी रांगेत उभं राहून भरलेलं, स्वतःच्या अंघोळीचं आणि पिण्याचं गोडं पाणी त्यांनी हळूहळू आत ओतलं. ओततानाही माशाला धक्का लागू नये म्हणून हाताच्या तळव्यावरून धार सोडली. आपल्या वाटणीचं सगळं पाणी देऊन झाल्यावर त्या समाधानाने म्हणाल्या, "पी आता. पोटभर पी."

थोड्याच वेळात बांड्या खापराला टेकला. मग कुशीवर झाला. कल्ले जोरजोरात हलू लागले आणि पोहण्याचं बळ काही येईना. बजाबाईंनी काचेला बोट लावलं. तो आला नाही. त्यांनी हाक मारली. तो आला नाही. तेव्हा त्या भिंतीला टेकून मटकन खाली बसल्या आणि महिपती दुपारी घरी येईपर्यंत तशाच बसून राहिल्या.

महिपतीने दारातूनच मासा पाहिला. चप्पलसुद्धा न काढता तो कोनाड्याशी आला, मला उचललं आणि पाण्यात सोडलं.

मी बुडालो. चोवीस गेले, वीस गेले, पंधरा गेले. बारावर जाऊन थांबलो.

महिपतीने मान वर केली. आणि इतक्या वर्षांच्या सवयीने, त्याच आवाजात, त्याच नजरेने त्याने विचारलं, "पानी घातलंस?"

माझ्या आयुष्यात मी अनेकांना पकडून दिलं, पण त्या क्षणाइतकी लाज मला कधी वाटली नाही. समोर बिरप्पा नव्हता. स्वतःच्या तोंडचं पाणी देऊन बसलेली म्हातारी होती. माझा बारा हा आकडा अगदी खरा होता, आणि तरी त्यात बजाबाईंच्या मनातलं काहीसुद्धा नव्हतं.

"व्हय," बजाबाई म्हणाल्या. "गोडं घातलं. खाऱ्या पान्यात हुता रं त्यो."

"आये, त्यो समुद्राचा जीव हाय! खारंच लागतंय त्याला. तसल्याच पान्यात जन्मतोय, तितंच वाढतोय."

त्या त्याच्याकडे बघतच राहिल्या. "खारं लागतंय? मंग मीच मारला की त्याला," त्या म्हणाल्या. "म्हनलं न्हवतं, माज्या हातचं जगत न्हाय?"

महिपतीचा राग तिथेच जिरला. पण आता काय करायचं ते सुचेना. जादा कॅनमध्ये दोनच बादल्या होत्या, तेवढ्याने भागणार नव्हतं. तो डोक्याला हात लावून म्हणाला, "निम्मा समुद्र मोरीत गेला. आता सोलापुरात समुद्र आनायचा कुटनं?"

"मोरीत?" बजाबाईंनी मान वर केली. "मोरीत कशानं जाईल? पानी कोन टाकतंय? हाय की बाजल्याखाली."

मित्रांनो, ज्याने दुष्काळ पाहिला आहे त्याच्या हातून पाणी वाया जात नाही, मग ते कसलंही असो. पेटीतून काढलेल्या दोन्ही बादल्या बजाबाईंनी फरशी पुसायला म्हणून बाजेखाली सरकवून, वर फडकं टाकून ठेवल्या होत्या. महिपतीने त्या ओढून बाहेर काढल्या. त्याने पहिली बादली उचलली आणि थेट पेटीवर धरली.

तेवढ्यात बजाबाई उठल्या. चार तास भिंतीला टेकून बसलेली ती बाई अशी चटकन उठली की मीही दचकलो. त्यांनी मुलाचं मनगट धरलं.

"एकदम न्हाय!"

"आये, सोड. त्यो मरतोय."

"एकदम घातलंस तर नक्कीच मरंल. ऐक माजं. छावनीत काय झालं हुतं, ठावं हाय का? महिनाभर उपाशी असलेल्या जनावरांफुडं लोकांनी पेंड्याच्या पेंड्या टाकल्या. ज्यांनी टाकल्या त्यांची फुगून मेली. ज्यांनी मूठमूठ दिली त्यांची उठली. जीव वाईटाला सुद्दा सवकतो बाबा. परत चांगल्यावर आनायचा तर सावकाश आनावा लागतो."

महिपतीने बादली खाली ठेवली. मग त्या दुपारी त्या खोलीत जे काम चाललं, तसं काम मी केंद्रावरही कधी पाहिलं नव्हतं. बजाबाई प्लास्टिकच्या मगाने एक मग पाणी पेटीतून काढायच्या आणि एक मग समुद्राचं घालायच्या. पुन्हा धार तळहातावरून. मग थांबायचं. महिपती मला सोडायचा, वाकून बघायचा आणि सांगायचा, "बारावरनं जरा वर." पुन्हा एक मग. "तेरा." पुन्हा थांबायचं. मध्येच वीज गेली आणि बुडबुडे बंद पडले. महिपतीने सायकलचा पंप आणला, नळी पाण्यात सोडली आणि वीज येईपर्यंत हवा मारत बसला. घामाने त्याचा सदरा अंगाला चिकटला होता. बाहेर ऊन असं, की रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

पंधरावर मी पोहोचलो तेव्हा बांड्याची कूस थोडी सरळ झाली. सोळावर त्याने शेपूट हलवली. बजाबाई मग भरत राहिल्या. बाजेखालच्या बादल्या संपल्या तेव्हा मी सतराच्या जवळ होतो. मग मास्तरांच्या कॅनची पाळी आली, आणि तेही त्यांनी एकाच दिवसात संपवू दिलं नाही. "निम्मं आज, निम्मं उद्या. आता त्यालाबी दम खाऊ दे." दिवेलागणीला, अंगणात दिवा ठेवून त्या परत आल्या आणि सहज काचेला बोट लावलं.

बांड्या खापरातून बाहेर आला. जरा तिरपा, जरा लटपटत, पण आला. काचेला तोंड लावलं.

बजाबाईंनी बोट उजवीकडे नेलं. तो उजवीकडे गेला.

"जगला गं बाई!" त्या म्हणाल्या आणि मोठ्याने रडू लागल्या. दुष्काळात बैल गेला तेव्हा त्या रडल्या नव्हत्या म्हणे. महिपती त्यांच्या शेजारी खाली बसला आणि म्हणाला, "आये, तुज्याच हातनं जगला." मी पेटीतच तरंगत होतो. त्या संध्याकाळी मला इतकं हलकं वाटत होतं, की आणखी दोन अंश वर गेलो असतो तर कुणाला नवल वाटलं नसतं. पण नेमलेल्या रेघेवरच राहिलो. सवय वाईट.

दुसऱ्या दिवशी उरलेला कॅन आणि चिमूट चिमूट खडे मीठ घालून बावीसपर्यंत पोहोचवलं. तिसऱ्या दिवशी बांड्याने जवळा खाल्ला.

महिन्याने मास्तर आले. महिपती विषय टाळायला बघत होता, पण बजाबाई स्वतः पुढे झाल्या. "मास्तर, तुमचा मासा मी मारत हुते. गोड्या पान्यात घातला." आणि सगळं सांगितलं, काही न लपवता. मास्तर ऐकत राहिले. मग म्हणाले, "मावशी, चूक माझी आहे. मी महिपतीला मापं सांगितली, पण घरात सगळ्यांना कारण सांगायला हवं होतं. ते सांगितलंच नाही. मास्तर असून!" त्यांनी त्याच दिवशी रंगाची डबी आणली आणि माझ्या मानेवर चोवीसच्या जागी एक बारीक लाल रेघ ओढली. बजाबाईंना आकडे वाचता येत नव्हते, लाल रेघ वाचता येत होती. त्या दिवसापासून माझी मालकी त्यांच्याकडे गेली.

जूनमध्ये प्रदर्शन झालं. पेटीशेजारी खुर्ची टाकून बजाबाई बसल्या होत्या. मुलांच्या रांगा लागल्या. प्रत्येकाला त्या मला बुडवून दाखवायच्या आणि सांगायच्या, "आपल्याला ह्ये खारं. ह्येला ह्येच गोडं." बिरप्पा गवळीही नातवाला घेऊन आला होता. मला बघून त्याने हात जोडले. "हितंबी हायस का रं बाबा तू? मासंबी पानी घालाय लागलं की काय?"

प्रदर्शन संपल्यावर बजाबाई मास्तरांना म्हणाल्या, "पोरांनी बघितलं की आता. ह्येला ह्येच्या गावी न्या."

मास्तर म्हणाले, "मावशी, तुमचा जीव जडलाय त्याच्यावर. आणि इथे त्याला काय कमी आहे?"

"काय कमी न्हाय. आमालाबी छावनीत काय कमी न्हवतं. येळंवर चारा, येळंवर पानी. पन छावनी कितीबी चांगली असली तरी छावनीच ती. गाव न्हवं."

 दिवाळीच्या सुट्टीत मास्तर बायकोसह रामेश्वरमला निघाले तेव्हा बजाबाईही बरोबर निघाल्या. देवदर्शन तर होतंच, पण मांडीवर कॅन होता आणि पदराच्या गाठीत, मान तेवढी बाहेर ठेवून धडप्यात गुंडाळलेला मी. दोन दिवसांच्या प्रवासात त्यांनी सायकलच्या पंपाने किती वेळा हवा मारली त्याची गणतीच नाही. डब्यातल्या मद्रासी बायका आधी हसल्या, मग पाळीपाळीने पंप मारू लागल्या. भाषा कुणाची कुणाला कळत नव्हती, पण काम सगळ्यांना कळलं.

मास्तरांच्या मेहुण्याने होडी करून दिली. उथळ, स्वच्छ पाण्याखाली खडक दिसत होते. तिथेही बजाबाईंनी घाई केली नाही. कॅनमध्ये समुद्राचं पाणी एकेक पेला घालत अर्धा तास बसल्या. मग कॅन आडवा केला. बांड्या बाहेर आला, क्षणभर त्यांच्या बोटाशी घोटाळला आणि खडकाच्या आडोशाला गेला. त्या बराच वेळ पाण्याकडे बघत होत्या. मला वाटलं, आता रडतील. पण त्यांच्या चेहऱ्यावर मी जे पाहिलं ते ओझं उतरवून मान मोकळी करणाऱ्या माणसाचं होतं.

आता मी पुन्हा कोनाड्यात आहे. पेटी मास्तरांनी शाळेला दिली. दाराशी एक शेळी बांधलेली आहे, तिला दोन करडं झाली आहेत आणि त्यांचं सगळं बजाबाईच बघतात. शेळीच्या दुधात त्या कधीकधी मला सोडतात, उगीच, गंमत म्हणून.

मित्रांनो, तुमच्या घरी मासा असेल, पाखरू असेल, कुंडीतलं रोप असेल, त्याला तुमच्या जिभेने गोड-खारं ठरवू नका. माया करण्याआधी त्याला काय लागतं ते विचारून घ्या. आणि कुणाच्या हातून चूक झाली, तर आकडा बघून लगेच त्याला चोर ठरवू नका. हे मी सांगतो आहे, ज्याने आयुष्यभर आकडेच सांगितले. आणि हो, माझ्यासारखं एखादं टवका उडालेलं जुनं उपकरण घरात असेल, तर त्याला नाडी ओवायला लावू नका. अर्धा अंश खोटं असलं तरी त्याच्या हातून कुणाचा जीव वाचू शकतो.

एक सांगायचं राहिलं. होडी परत फिरायच्या आधी बजाबाईंनी पदराची गाठ सोडली, मला काढलं आणि होडीच्या कडेवरून वाकून, दोन बोटांत धरून समुद्रात सोडलं. लाटेवर मी खाली गेलो, वर आलो आणि लाल रेघेवर उभा राहिलो. बजाबाई वाकून बघत होत्या. महिपती बघायचा तशाच. मग मास्तरांकडे मान वर करून हसत म्हणाल्या, "न्हाय हो. कुनी पानी घातल्यालं न्हाय."